भगवंताची चालती उजळणी

भगवंत खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता आणि दोन्ही वेळा त्याचा घात 'ए' नावाच्या व्यापाऱ्याने केला होता. करआकारणी आणि वरच्या इयत्तेचे हिशेब ह्यांवरच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात हा ए पानोपानी भेटतो. ए धान्याचा व्यापार करतो, ए बीशी भागीदारी करतो, बी मरतो, बीची विधवा सी आपला वाटा मागते, आणि एवढं रामायण झाल्यावर पुस्तक शांतपणे विचारतं की ह्या साली एला कर किती पडेल. भगवंताला तोवर बी गेल्याचं वाईट वाटू लागलेलं असे. परीक्षेत तर मेला कोण आणि वाटा मागतो कोण हेच त्याला आठवत नसे. मागच्या खेपेला त्याने एला मारून बीला त्याच्या विधवेचा कर भरायला लावला होता. तपासणाऱ्याने त्या पानावर आडवी रेघ ओढली होती.

तो अमरावतीला इन्कमटॅक्सच्या कचेरीत जावक बारनिशीवर कारकून होता. म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर घालायचे आणि तिकिटं चिकटवायची. नऊ वर्षं तिकिटं चिकटवून त्याच्या जिभेला आंब्याची आणि डिंकाची चव सारखीच लागू लागली होती. परीक्षा पास झाला तर तो इन्स्पेक्टर होणार होता. पण खात्याचा नियम तीन संधींचा होता आणि येत्या जानेवारीत अकोल्याला होणारी परीक्षा ही त्याची तिसरी. ती हुकली की पेन्शनीपर्यंत डिंक.

त्यात त्याच्या बायकोने, सत्यवतीने, परतवाड्याला माहेरी नवरा इन्स्पेक्टर झाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

"झाल्यावर सांगाचं होतं ना," भगवंत म्हणाला.

"तुमच्या होन्याची वाट पायली असती तं माहे केस पांढरे झाले असते," सत्यवती म्हणाली. "आता मी सांगून बसली. तुमी होऊन दाखवा."

शेवटी भगवंत वामनरावांकडे गेला. वामनराव म्हणजे त्याच कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. ते ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते. त्यानंतर त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, म्हणून ते तेच सांगत. ओट्यावर बसून सुपारी कातरत त्यांनी भगवंताला पास होण्याच्या तीन युक्त्या दिल्या.

"पयली गोष्ट. हा ए, बी, सी कोनाच्याच ध्यानात राहत नाई, काहून का थे कोनाचेच कोनी नाई. त्याईच्या जागी ओळखीचे मानसं बसव. ओळखीचा मानूस लफड्यात सापडला का आपन जन्मभर इसरत नाई. दुसरी गोष्ट. बसून वाचू नको. तू बसला का झोपतं. चालत वाच, मोठ्यानं वाच, रोज एकाच रस्त्यानं वाच."

"आन तिसरी?"

"तिसरी सगळ्यात मोठी. पेपरात एकबी प्रश्न कोरा सोडाचा नाई. जे माईत असन थे सारं लिहून टाकाचं. कोऱ्या कागदाले मार्क नाई."

युक्त्या चांगल्या होत्या. वाईट होता तो रस्ता. भगवंताच्या घरापासून कचेरीपर्यंत जायला एकच सरळ रस्ता होता आणि तो बाजारातून जात होता.

दुसऱ्या दिवसापासून भगवंताने पुस्तकातली माणसं बाजारात उतरवायला सुरुवात केली. वाटेत पहिलं दुकान हुसेनचं, फळांच्या वखारीचं. म्हणून पहिलं उदाहरण हुसेनला मिळालं. पुढे अब्दुल सत्तारचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, म्हणून दुसरं त्याला. कडुनिंबाखाली भातकुलीची मनकर्णाबाई वांगी आणि मिरच्या घेऊन बसायची, तिसरं तिला. त्यांच्या वह्या भगवंताने जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्यांचा दोष एवढाच की ते रस्त्यात होते.

अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी, हात मागे बांधून तो हुसेनच्या दुकानासमोर आला आणि मोठ्याने म्हणाला, "हुसेननं पोरीच्या लग्नाचा मांडव दुकानाच्या खर्चात घातला." इथे त्याला आठवलं की हुसेनला मुलगी नाही. त्याने सुधारणा केली. "भाचीच्या लग्नाचा मांडव दुकानाच्या खर्चात घातला. चालते का? नाई चालत. घरचा खर्च हाये. काढा बाहेर. मिळवा नफ्यात." आणि तो पुढे गेला.

हुसेनच्या हातातलं संत्रं खाली पडलं. त्याने दिवाळीनंतर भाचीचं लग्न केलं होतं आणि मांडवच काय, वाजंत्रीसुद्धा संत्र्यांच्या टोपल्यांच्या खर्चात घातली होती. आता हे सगळेच करतात. पण ते इन्कमटॅक्सच्या माणसाला तारखेवार ठाऊक असतं हे हुसेनला नवीन होतं. भगवंत कचेरीत तिकिटं चिकटवतो हे बाजारात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तो सकाळी त्या कचेरीत जातो आणि संध्याकाळी तिथून येतो, एवढं लोकांना पुरेसं होतं.

सोमवारी भगवंताच्या दारात पाच डझन संत्र्यांची टोपली आली.

"हुसेनशेठनं धाडली," हमाल म्हणाला. "म्हने, भाऊले सांगा, आमच्यावर लक्ष राहू द्या."

"कोनाच्या परीक्षेची कोनाले काळजी असते पाय," भगवंत गहिवरून म्हणाला. "हा आशीर्वाद हाये."

"परीक्षा तुमची, तं संत्रे त्यानं काहून द्याचे?" सत्यवतीने विचारलं. पण संत्री गोड होती. तिसऱ्या संत्र्यानंतर तिने विचारणं सोडून दिलं.

अब्दुल सत्तारचं प्रकरण जास्त नाजूक होतं. धंद्यातल्या यंत्राची दरसाल झीज धरून करात सूट मिळते, पण जनावराची मिळत नाही. जनावर मेलं की मगच त्याची किंमत वजा होते. हा मुद्दा भगवंत दोन्ही खेपांना चुकला होता. सत्तारकडे पेट्या बडनेऱ्याला स्टेशनवर न्यायला एक पांढरा घोडा होता. तेव्हा मुद्दा पक्का बसावा म्हणून भगवंत रोज त्या घोड्यासमोर क्षणभर थांबायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "अब्दुल सत्तारचा घोडा जिवंत हाये तोवर एका पैची सूट नाई. घोडा मेला का मंग सूट. मेला का घोडा?" मग डोळे उघडून पाहायचा. "नाई मेला."

चार दिवस सत्तारने हे ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी घोडा बहिणीकडे बार्शीटाकळीला पाठवला आणि बुधवारी भगवंताच्या घरी निळ्या रंगाची, कमळं काढलेली एक पत्र्याची पेटी पाठवली. पुढच्या बुधवारी हिरवी पाठवली. सत्यवती एका पेटीत लुगडी ठेवू लागली आणि दुसरीत संत्री.

घोड्याची जागा रिकामी पाहून भगवंताला मात्र बरं वाटलं. "मेला वाटते," तो समाधानाने म्हणाला. "आता हिशेब सोपा झाला."

कडुनिंबाखालची मनकर्णाबाई वेगळ्या मातीची होती. "मनकर्णाबाईचे वांगे घरच्या मळ्यातले," भगवंत म्हणत आला. "शेतीचं उत्पन्न. कर माफ. पन शेजारच्या खुर्शीदबीच्या मिरच्या विकत घेऊन विकते, थो धंदा. त्याले माफी नाई." पुढचं पाऊल त्याला टाकता आलं नाही, कारण त्याच्या कोटाचं टोक तिच्या मुठीत होतं.

"काहून रे बाबू, रस्त्यानं माहं नाव कायले घेऊन राहिला?"

"अभ्यास करून राहिलो, मावशी."

"माह्या वांग्याचा?"

"वांग्याले काई नाई मावशी. मिरच्यांचा सवाल हाये."

"खुर्शीदबीचे पाय दुखतेत. म्हून तिच्या मिरच्या मी घेऊन इकतो. एखाद्या टायमाले."

"किती टायमाले?"

मनकर्णाबाई खरं बोलणारी बाई होती. "दर शुक्रवारी," ती म्हणाली.

"एखाद्या टायमाले आलेली प्राप्ती कायदा सोडून देते. पन दर शुक्रवारी म्हनजे..."

"हाव, समजलं," ती म्हणाली. "एकदा आला थो पाहुना. दर शुक्रवारी आला तं थो घरचाच मानूस झाला, त्याचं ताट मोजाच लागते. बरोबर हाये तुहं." मग तिने कोट सोडला. "पन उद्यापासून माहं नाव रस्त्यानं घ्याचं नाई. मी काई तमाशातली बाई नोहो."

भगवंताने कानाला हात लावला. त्या दिवसापासून कडुनिंब आला की तो तोंड मिटायचा, पुढचं वळण आलं की पुन्हा उघडायचा. पाहुण्याचं वाक्य मात्र त्याच्या डोक्यात राहिलं. पुस्तकात त्याच गोष्टीला दीड पान लागलं होतं.

इकडे हुसेनची संत्री दर सोमवारी येत राहिली. अब्दुल सत्तारचा मात्र धीर सुटला. घोडा नाही तर पेट्या स्टेशनवर पोचेनात, आणि घोडा आणावा तर इन्कमटॅक्सवाला त्याच्या मरणाची वाट पाहत उभा. शेवटी तो सरळ कचेरीत साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब नागपूरचे होते. ते फारसं बोलत नसत आणि हसलेले कोणी पाहिले नव्हते.

"हुजूर, घोडा जिंदा हाये," सत्तार म्हणाला.

"कोणाचा?"

"माहा. बार्शीटाकळीले बहिनीकडे हाये. गवत खाऊन राहिला. पायजे तं आनून दाखवतो. आन हुजूर, पेट्या पसंत आल्या ना? निळी आन हिरवी?"

"कुठल्या पेट्या?" साहेबांनी विचारलं.

सत्तारला वाटलं, वाटणी बरोबर झालेली दिसत नाही. त्याने निळी पेटी, हिरवी पेटी, हुसेनची संत्री, रोजची सकाळची फेरी आणि घोड्यापुढचं थांबणं हे सगळं सांगितलं. साहेबांनी एका कागदावर ते बारीक अक्षरात उतरवून घेतलं, सत्तारला घोडा परत आणायला सांगितलं आणि जायला सांगितलं. मग त्यांनी भगवंताला बोलावलं.

"अभ्यास कसा चाललाय?"

"झकास, साहेब. सारा बाजार मदत करून राहिला."

"असं ऐकलं. संत्री गोड आहेत का?"

"लय गोड, साहेब. आनू का दोन?"

"नको," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर आणखी एक ओळ लिहिली. आपल्या संत्र्यांची बातमी साहेबांपर्यंत गेली ह्याचा भगवंताला अभिमान वाटला. घरी जाऊन त्याने ते सत्यवतीला दोनदा सांगितलं.

जानेवारीत तो बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेला. परीक्षा एका शाळेत होती. बाकं लहान मुलांची होती, त्यामुळे सगळे उमेदवार गुडघे छातीशी घेऊन बसले होते. पहिला पेपर कायद्याचा. तो बरा गेला. दुसरा हिशेबाचा. भगवंताने पहिला प्रश्न वाचला, ए दिसला की त्याला मनातल्या मनात खोडून तिथे हुसेन बसवला, बीच्या जागी अब्दुल सत्तार, आणि काय आश्चर्य, सगळं कसं बाजारासारखं लख्ख दिसू लागलं. कोणी कोणाचा खर्च कुठे लपवला, कोण जिवंत, कोणाचा घोडा मेला, एकही चूक नाही. चार प्रश्न त्याने असे उडवले. मग तो पाचव्यावर आला. पाचवा पंचवीस मार्कांचा होता आणि सक्तीचा होता.

'ए हा एका सरकारी कचेरीत कारकून आहे,' प्रश्नात लिहिलं होतं. 'परीक्षेची तयारी म्हणून तो रोज सकाळी बाजारातून व्यापाऱ्यांच्या नावाने मोठ्याने हिशेब म्हणत जातो. तेव्हापासून त्याच्या घरी सहा सोमवार पाच डझन संत्री आणि दोन बुधवार एकेक पत्र्याची पेटी येते. ए समजतो की हे परीक्षेसाठी आशीर्वाद आहेत. ही प्राप्ती नैमित्तिक म्हणून सोडून द्यावी की एच्या उत्पन्नात धरावी? कारणे देऊन लिहा.'

भगवंताने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा त्याला एचा हेवा वाटला. दुसऱ्यांदा वाटलं, ह्या एला आपण कुठेतरी पाहिलंय. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळाला जानेवारीत घाम फुटला. हुसेनची टोपली, सत्तारची कमळं, 'आमच्यावर लक्ष राहू द्या', आणि साहेबांचं 'संत्री गोड आहेत का', सगळं एका रांगेत त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षांत कचेरीचं एक तिकीट त्याने घरच्या पत्राला लावलं नव्हतं, आणि इथे तो दीड महिना लाच सोलून खात होता.

त्याने हिशेब केला. चार प्रश्नांचे फार तर चाळीस मार्क. पास व्हायला पन्नास. पाचवा सोडला तर जन्मभर डिंक. पाचवा चुकीचा लिहिला, म्हणजे ही प्राप्ती नैमित्तिक आहे, एचा काही दोष नाही, असं लिहिलं, तरी डिंकच. आणि बरोबर लिहिला तर तो स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब होत होता. मग त्याला कडुनिंबाखालची मूठ आठवली. एकदा आला तो पाहुणा. सहा सोमवार आला तो पाहुणा कसा?

एकदा लिहायला लागल्यावर मात्र वामनरावांची शिकवण अंगात आली. सवयीने त्याने ए खोडला आणि त्या जागी ओळखीचं नाव घातलं: भगवंत. तेही ह्या वेळी मनात नाही, कागदावर. जे माहीत असेल ते सगळं लिहायचं, म्हणून प्रश्नात सुटलेलं त्याने भरून काढलं. 'पेट्या दोन नसून तीन आहेत. तिसरी परवाच्या बुधवारी आली, तिला पितळी कुलूप आहे. संत्री सोमवारची पाच डझनच, परंतु संक्रांतीला दोन डझन जास्त आली, ती प्रश्नात धरलेली नाहीत.' बाजारभावाने सगळ्याची किंमत काढून त्याने ती पगारात मिळवली. बेरीज कर लागण्याच्या मर्यादेच्या पायथ्याशीही पोचत नव्हती. 'सबब कर नाही,' त्याने शेवटी लिहिलं, 'परंतु लाज आहे.' ह्या शब्दाला हिशेबात कुठे धरतात हे पुस्तकात नव्हतं.

घरी आला तेव्हा सत्यवती संत्रं सोलून उभी होती.

"खाऊ नको," भगवंत म्हणाला. "हे उत्पन्न हाये."

सगळं ऐकून ती हिरव्या पेटीवर बसली, मग तीही लाचेचीच पेटी, हे लक्षात येऊन उठली. "मी पयल्याच सोमवारी म्हनलं होतं," ती म्हणाली. ते खरं होतं.

महिन्याने साहेबांनी त्याला बोलावलं. टेबलावर त्याची उत्तरपत्रिका होती. त्या साली पेपर साहेबांनी काढला होता हे तोवर कचेरीत सगळ्यांना कळलं होतं.

"चौसष्ट मार्क," साहेब म्हणाले. "पाचव्याला पंचवीसपैकी पंचवीस. तिसरी पेटी मला ठाऊक नव्हती."

"साहेब, मले खरंच वाटलं का आशीर्वाद हायेत."

"म्हणूनच समोर विचारलं नाही, पेपरात विचारलं. समोर विचारलं असतं तर तू आशीर्वादच म्हणाला असतास. शिवाय तिसरी पेटी लपवणारा असतास तर आज दुसरंच बोलणं झालं असतं." साहेबांनी एक छापील कागद पुढे ओढला. "हा तुझ्या इन्स्पेक्टरीचा हुकूम. सही बाकी आहे. सगळ्या वस्तू ज्याच्या त्याला परत कर, प्रत्येकाची पावती आण, मग सही. आठ दिवस."

भगवंत तरंगतच घरी आला. परीक्षेनंतर त्याची बडबड थांबली तशी टोपलीही थांबली होती, पण आधीची संत्री खाल्लेली होती आणि हंगाम उतरला होता. बत्तीस डझन संत्र्यांत त्याचा महिन्याचा पगार गेला. ती हातगाडीवर घालून तो हुसेनकडे गेला. हुसेनचा चेहरा पांढराफटक पडला.

"कमी पडले का, भाऊ?"

"नाई नाई. परत करून राहिलो. मले नको."

"समजलं," हुसेन हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंताच्या दारात बत्तीस डझन संत्री परत आली होती आणि वर आणखी बत्तीस.

सत्तारने तीन पेट्या निमूट उतरवून घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी एक भलीमोठी पेटी आली. सत्यवतीने ती उघडली तर आत निळी, निळीत हिरवी आणि हिरवीत कुलपाची, अशा तिन्ही होत्या.

पावतीचं तर नावच नको. "इन्कमटॅक्सच्या मानसाले सही देऊ?" सत्तार हात जोडून म्हणाला. "त्यापरीस घोडा घेऊन जा, भाऊ. मेल्यावर धाड म्हनशान तं तसं."

पाच दिवस गेले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. सत्यवती संत्र्यांच्या ढिगापलीकडून बोलत असे. सहाव्या दिवशी भगवंत कडुनिंबाखाली जाऊन मनकर्णाबाईच्या टोपलीशेजारी बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तिने गिऱ्हाइकाची वांगी तोलेपर्यंत त्याला थांबवलं.

"तू त्याईच्या तोंडावर जाऊन सांगतं, का मले नको?"

"हाव."

"तिथीच चुकतं तू. तोंडावर सांगतलेलं कोन खरं मानते बाप्पा? तोंडावर तं मीबी म्हनतो, वांगे आजचेच हायेत. तू सकाळी एकटाच बडबडत जातं तवा जे बोलतं ना, त्याच्यावर साऱ्या बाजाराचा इश्वास हाये. थेच कर."

सातव्या दिवशी सकाळी भगवंत पुन्हा निघाला. हात मागे, डोळे अर्धे मिटलेले. हुसेनच्या दुकानापाशी आवाज चढवला. "हुसेननं संत्रे परत घेतले. पावती देली. चालते का? चालते. हिशेब मिटला. पावती नसती देली तं?" इथे तो थांबला आणि त्याने खेदाने मान हलवली. "तं मांडवाचं पाहा लागलं असतं."

पुढच्या दुकानापाशी तो म्हणाला, "अब्दुल सत्तारनं पेट्या परत घेतल्या. पावती देली. आता त्याचा घोडा शंभर वर्ष जगो."

दुपारी बारा वाजता हुसेन स्वतः हातगाडी घेऊन दारात आला, संत्री मोजून घेतली आणि पावतीवर दोनदा सही केली. सत्तार पांढऱ्या घोड्यावर बसून आला. संध्याकाळपर्यंत आणखी तीन दुकानदार पावत्या घेऊन आले. त्यांनी काहीच दिलं नव्हतं, पण सकाळचं ऐकलं होतं. साहेबांनी पावत्या मोजल्या, तीन जास्त भरल्या तेव्हा चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि हुकमावर सही केली.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर भगवंत नवी टोपी घालून, तोंड मिटून, गंभीर चेहऱ्याने बाजारातून निघाला. कडुनिंबापाशी त्याच्या कोटाचं टोक पुन्हा मुठीत सापडलं.

"मुक्यानं काहून जाऊन राहिला?"

"परीक्षा झाली, मावशी. पास झालो."

"थे तुही झाली. मी सांगतलं नसतं तं संत्र्यात पुरला असता. माहं काय?"

"काय पायजे, मावशी?"

"माहं नाव घे."

"तुमीच म्हनलं होतं, घ्याचं नाई म्हून."

"तवा तुहं बोलनं सारा बाजार खरं मानते हे मले माईत नोहोतं. म्हन. मनकर्णाबाईचे वांगे भातकुलीच्या मळ्यातले. आज सकाळीच तोडले. एक किडकं नाई. वजन पुरं."

इन्स्पेक्टरची नजर तिच्या तराजूकडे गेली. एका पारड्याखाली चिंचेचा एवढासा गोळा लावलेला दिसत होता.

"वजन पुरं हाये ना, मावशी?"

"हे तू तोंडावर इचारून राहिला," मनकर्णाबाई म्हणाली, "का एकटाच बडबडून राहिला?"

भगवंताने जरा विचार केला. मग त्याने हात मागे बांधले, डोळे अर्धे मिटले आणि तो चालू लागला. "मनकर्णाबाईचे वांगे भातकुलीच्या मळ्यातले," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "शेतीचं उत्पन्न. कर माफ. आज सकाळीच तोडले. एक किडकं नाई." वजनाच्या ओळीला त्याला खोकला आला आणि तो तसाच पुढे गेला. तो कचेरीपाशी पोचेपर्यंत कडुनिंबाखालची टोपली रिकामी झाली होती, आणि पायऱ्यांवर दोन मेथीवाल्या बाया आपापलं नाव सांगायला त्याची वाट पाहत बसल्या होत्या.